गळ घालण्याआधी

मराठीचा मास्तर म्हणून चौतीस वर्षं काढली. वाक्प्रचार शिकवायची वेळ आली की 'गळ घालणे' यायचंच. मग 'गळाला लागणे', 'गळ टाकून बसणे' अशी सगळी भावंडं ओळीनं यायची. वर्गातला एखादा हुशार पोरगा विचारायचा, "सर, गळ काढणे?" मी म्हणायचो, "तसा वाक्प्रचार नाही बाबा. 'गळा काढणे' आहे, पण त्याचा अर्थ मोठ्यानं रडणे." वर्ग हसायचा आणि आम्ही पुढच्या शब्दाकडे वळायचो.

निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी त्या प्रश्नाचा विचार करायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. भाषेनं मासा पकडण्याचे शब्द भरभरून दिले, पण रुतलेला गळ सोडवण्याचा एकही दिला नाही. तिचाही दोष नाही म्हणा. पकडलेला मासा कालवणात जाणार असेल तर त्याच्या तोंडातला गळ कसा निघाला याची चौकशी कोण करणार? प्रश्न येतो तो मासा परत सोडायचा असेल तेव्हा. आणि दुसऱ्यांदा येतो तो गळ माशाऐवजी माणसाच्या हातात रुततो तेव्हा.

तर मंडळी, आजचं हे पुराण मस्की नावाच्या माशाचं आणि त्याच्यासाठी घेतलेल्या अवजारांचं.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही उभयता लेकीकडे गेलो होतो. ती अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन गावी असते. आमच्या कोल्हापुरात जसा रंकाळा, तशी त्या गावात मेंडोटा, मोनोना, विंग्रा अशी तळीच तळी. जावई इचलकरंजीचे. पंचगंगेच्या काठी लहानपण गेलेलं, त्यामुळे पाण्याची ओढ जन्मजात. तिथे गेल्यापासून त्यांना काठी घेऊन तळ्यावर बसायचा नाद लागलाय. आजवर तळहाताएवढे मासे धरून सोडून देत होते. त्या वर्षी मात्र त्यांनी जाहीर केलं की आता मस्कीच्या मागे लागायचं. ऑफिसातल्या एका अमेरिकन सहकाऱ्याकडे छोटी मोटरहोडी होती आणि त्या गृहस्थांचा या माशामागे वीसेक वर्षांचा अनुभव.

मी म्हटलं, "मलाही न्या."

स्वयंपाकघरात एकदम शांतता पसरली. आमच्या घरातल्यांना ठाऊक आहेच, मला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि २०१९ मध्ये हृदयात स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ राहण्याची गोळी चालू आहे. दाढी करताना कापलं तरी रक्त लवकर थांबत नाही. पायाला साधं खरचटलं तर महिना महिना जखम सांभाळावी लागते. लेक म्हणाली, "बाबा, त्या माशाचे दात बघितलेत का? आणि ते गळ?" मी काही बोललो नाही. मग तिनेच तोडगा काढला. "आधी मला सगळी अवजारं दाखवा. कशासाठी कुठलं, ते समजावून सांगा. मला पटलं तरच बाबा होडीत बसतील." सौ.नं मान डोलावली. म्हणजे ठराव एकमतानं मंजूर.

आता मस्की म्हणजे काय ते सांगतो. पूर्ण नाव मस्केलंज. हे नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या, ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आलंय. लांबोडका, चपट्या चोचीचा, अंगावर पट्टे किंवा ठिपके असलेला गोड्या पाण्यातला शिकारी. पाणवनस्पतींच्या आडोशाला निश्चल उभा राहतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की बाणासारखा सुटतो. आपल्याकडची मरळ असाच दबा धरते, फक्त हा तिच्यापेक्षा कितीतरी मोठा. तीन-चार फुटांचा सर्रास, त्याहून मोठेही मिळतात. तोंडभर सुऱ्यांसारखे दात. १९५५ पासून तो विस्कॉन्सिनचा राज्य-मासा आहे. त्या राज्याच्या उत्तर भागात हेवर्ड म्हणून गाव आहे, तिथल्या मासेमारीच्या संग्रहालयाची एक इमारतच १४३ फूट लांबीच्या मस्कीच्या आकाराची आहे. त्याच्या जबड्यात उभं राहून लोक फोटो काढतात. आमचाही एक आहे. त्यात सौ. हसतेय आणि मी दात मोजतोय.

हा मासा मिळणं फार अवघड. दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एक मिळतो, अशी तिथली म्हण आहे. तिथल्या सर्वसाधारण नियमानुसार ४० इंचांपेक्षा लहान मस्की ठेवता येत नाही, काही तळ्यांत ही मर्यादा ५० इंच आहे. पण नियमात बसणारा मोठा मासासुद्धा बहुतेक हौशी लोक सोडूनच देतात. मस्की हळू वाढतो, पुष्कळ वर्षं जगतो, आणि मोठे मासे बहुधा माद्या असतात. एक मोठी मादी मारली की तळ्याचं कित्येक वर्षांचं नुकसान. म्हणून धरायचा, मापायचा, सोडायचा. आणि सोडलेला मासा जगला पाहिजे, नाहीतर सोडण्याला अर्थ काय?

माझं मासेमारीचं शिक्षण झालं ते भोगावतीच्या काठी, १९६० च्या दशकात. वेळूची काठी, तंगूस, ज्वारीच्या ताटाचा तरंगता तुकडा आणि एका टोकाचा गळ. गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. मासा लागला की काठावर आपटायचा आणि गळ उपटायचा. गिळलेला असला तर एका काडीला पुढे खाच पाडून ती तोंडात घालायची. चुलते शिकवायचे, "आरं, वडू नगंस. आदी मागं ढकल, मग मुरगाळ." त्यांचं शास्त्र बरोबर होतं. गळाला उलटा काटा असतो. ओढलं की तो आणखी मांस धरतो. ज्या वाटेनं आत गेला त्याच वाटेनं, थोडा मागे ढकलून, तो बाहेर काढायचा. आजची सगळी महागडी अवजारं एवढं एकच काम करतात, फक्त लांबून करतात.

लांबून का, तर मस्कीचा गळ साधा नसतो. त्याला खऱ्या आमिषाऐवजी लाकडाचा, प्लास्टिकचा किंवा रबराचा खोटा मासा दाखवतात. तो वीतभर लांब, कधी त्याहूनही मोठा. त्याच्या पोटाखाली आणि शेपटीकडे तीन टोकांचे दोन, कधी तीन गळ टांगलेले. ट्रेबल हुक म्हणतात त्याला. मी त्याला त्रिशूळ म्हणायला लागलो. दोन त्रिशूळ म्हणजे सहा टोकं. त्यातली एक-दोन माशात रुततात, उरलेली चार-पाच हवेत मोकळी. आणि मासा दहा-पंधरा किलोचा, जिवंत, झटके देणारा.

त्या अमेरिकन गृहस्थांनी पहिल्याच भेटीत सांगितलेली गोष्ट लेकीनं नीट ऐकली आणि मीही. ते म्हणाले, माशाचे दात लोकांना भीतीदायक वाटतात, पण खरा अपघात तो नव्हे. खरा अपघात म्हणजे त्रिशूळाचं एक टोक माशात आणि दुसरं तुमच्या हातात. मग मासा जितका उसळेल तितका तुमचा हात त्याच्याबरोबर जाईल. त्या क्षणी दुसऱ्या हाताला काय सापडतं, यावर सगळं अवलंबून आहे.

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. पुढचे तीन आठवडे आम्ही अवजारं निवडली ती या एका कसोटीवर.

सगळ्यात आधी घेतलं जाळं. मला वाटत होतं, जाळं म्हणजे मासा वर उचलायला. तसं नाही. मस्कीचं जाळं म्हणजे पाण्यातला पाळणा. खोल पोटाचं, रुंद तोंडाचं, मोठ्या गोठ्यासारखं. मासा त्यात आला की जाळ्याची कड होडीला टेकवून धरायची आणि मासा पाण्यातच ठेवायचा. तो श्वास घेत राहतो, आपण वाकून गळ काढतो. जाळी साध्या दोऱ्याची नको, रबराचा लेप दिलेली हवी. साध्या जाळीत त्रिशूळ गुंतून बसतो, माशाचे पर चिरतात आणि अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. तो थर म्हणजे त्याचं चिलखत, रोगजंतूंपासून वाचवणारं.

दुसरी, लांब चोचीची पक्कड. घरातल्या पेटीतली सहा इंची चालत नाही, कारण तिनं गळ धरायचा तर बोटं दातांच्या आत जातात. आम्ही अकरा इंची घेतली. चोचीला आतून खाचा हव्यात, नाहीतर ओल्या गळावरून घसरते. मुठीला रबर हवं. आणि मुठीला दोरी बांधून ती होडीला अडकवायची, कारण पाण्यात पडलेली पक्कड तरंगत नाही. पिस्तुलासारखी मूठ आणि पुढे लांब दांडी असलेलंही एक अवजार मिळतं. दाबलं की पुढचा चिमटा मिटतो. खोल गेलेल्या गळासाठी ते बरं, पण जाड गळाला त्याची पकड कमी पडते असं मला वाटलं. दुकानातल्या मांडणीत ते फार देखणं दिसतं एवढं खरं.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, कटर. गळ कापायचं. त्रिशूळाची तार चांगली जाड आणि टणक पोलादाची असते. साध्या पक्कडीच्या बगलेत जी धार असते तिनं ती तुटत नाही, उलट धारेलाच खाच पडते. त्यासाठी छोटं बोल्ट कटर हवं. जर्मन बनावटीचं वीतभर लांबीचं एक लोकप्रिय आहे. त्याच्या आत दुहेरी तरफेची रचना असते, त्यामुळे थोड्या जोरात जाड तार तुटते. दुकानात मी हट्ट धरला की विकत घेण्याआधी मला कापून बघायचंय. दुकानदार भला माणूस. त्यानं एक जुना त्रिशूळ काढून दिला. पहिलं, स्वस्तातलं कटर मला दोन्ही हातांनी दाबूनही चाललं नाही. दुसरं चाललं. मग मी ते डाव्या हातात घेतलं. तसंही चाललं. जावई म्हणाले, "बाबा, डाव्या हातानं कशाला?" मी म्हटलं, "उजव्यात गळ रुतला असेल तर?" तेव्हा त्यांनी किंमत न विचारता ते टोपलीत टाकलं.

चौथे हातमोजे. इथे मात्र फसगत होण्याचा संभव आहे. कापलं न जाणाऱ्या धाग्याचे हातमोजे मिळतात आणि ते घातले की माणसाला वाटतं आपण सुरक्षित झालो. ते दातांच्या ओरखड्यापासून वाचवतात, कल्ल्यांच्या आतल्या काटेरी कडांपासूनही वाचवतात. पण गळाचं टोक विणीतून आरपार जातं. कापणं वेगळं आणि टोचणं वेगळं. शिवाय मोजा गळात अडकला तर हात माशाला बांधल्यासारखा होतो. म्हणून मोजा एकाच, मासा धरायच्या हातात, सैलसर, झटकन निघेल असा, आणि माशाला लावण्याआधी पाण्यात भिजवलेला. अवजाराचा हात मोकळा.

पाचवं जबडा उघडून धरणारं. जाड तारेचं, स्प्रिंगसारखं. यावर तिथल्या जाणत्यांमध्येच दोन मतं आहेत. काही म्हणतात, त्याच्याशिवाय खोल गळ दिसतच नाही. काही म्हणतात, त्याच्या टोकांनी माशाचं तोंड फाटतं, त्यापेक्षा बाहेरून दिसेल तेवढा गळ कापून टाका. आम्ही एक घेतलं, टोकांना रबरी नळी चढवली, आणि गरज पडली तरच, क्षणभरच, असं ठरवलं. प्रत्यक्षात ते कधी पेटीतून निघालंच नाही.

उरलेलं सामान किरकोळ वाटेल पण लेकीनं त्यावर सगळ्यात जास्त खुणा केल्या. प्रत्येकाला चष्मा, कारण माशाच्या तोंडातून निसटलेलं आमिष ताणलेल्या दोरीबरोबर थेट चेहऱ्याकडे येतं. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, होडीत नुसतं ठेवलेलं नव्हे. पायात बंद बूट. माझ्यासाठी जाड पट्ट्या, जखमेवर दाबून धरायला स्वच्छ कापड, गोळ्यांची यादी लिहिलेला कागद आणि साखरेच्या गोळ्या. निघण्याआधी तिघांची धनुर्वाताची लस तपासली. आणि एक थर्मामीटर. तो माणसासाठी नव्हे, पाण्यासाठी. त्याचं पुढे सांगतो.

माणसाच्या हातात गळ रुतला तर काय करायचं, हे तिच्या ओळखीच्या नर्सबाईंनी येऊन समजावलं. पहिलं काम गळ काढणं नव्हेच. पहिलं काम त्या गळाला माशापासून आणि आमिषापासून तोडणं. कटर त्यासाठीच. हात मोकळा झाला की निम्मं संकट टळलं. मग वरवर रुतलेला गळ काढायची दोरीची एक रीत आहे. गळाच्या वाकणात मजबूत दोरी अडकवायची, गळाचा दांडा कातडीकडे दाबून ठेवायचा म्हणजे उलटा काटा मांसातून सुटतो, आणि मग दोरीला कातडीला समांतर एकच झटका. माझ्या चुलत्यांचंच शास्त्र, फक्त इंग्रजीतून आलेलं! टोक जवळजवळ बाहेर आलं असेल तर ते पुढे ढकलून, काटा कापून, उरलेला भाग मागे घेतात, पण ते डॉक्टरांनी करावं हे उत्तम. डोळ्यापाशी, मानेत, सांध्यात किंवा खोल रुतला असेल तर हातच लावायचा नाही. तो हलणार नाही असा बांधायचा आणि दवाखाना गाठायचा. आणि माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "यांच्या बाबतीत सगळेच गळ खोल समजायचे."

त्यानंतर गॅरेजमध्ये तालीम झाली. उशीला आमिष अडकवलं, नातीनं उशी हलवायची, जावयांनी गळ सोडवायचा आणि मी अवजार द्यायचं. होडीत माझं काम हेच ठरलं होतं, अवजारांचा मुनीम. परवाना मीही काढला होता, पण काठी हातात घ्यायची नाही असं कबूल करून बसलो होतो. पक्कड उजवीकडे, कटर डावीकडे, उघड्या तबकात, झाकणाखाली काही नाही. मागितलं की मूठ पुढे करून द्यायचं.

तालमीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. गळ अडकून बसला तरी जावई कटर मागत नव्हते. पक्कडीनं खटपट करत राहायचे. मी विचारलं तर म्हणाले, "बाबा, तीस डॉलरचं आमिष आहे." नात म्हणाली, "पण बाबा, फक्त गळच कापायचाय ना? तो बदलता येतो." आणि खरंच, किल्ल्यांच्या जुडग्यात असते तशा दुपेडी कडीनं तो त्रिशूळ आमिषाला जोडलेला असतो. कडी उघडली की नवा बसवता येतो. एका त्रिशूळाची किंमत डॉलर-दोन डॉलर. त्याच दिवशी आम्ही जास्तीचे डझनभर त्रिशूळ आणून डबीत भरले. माझ्या मते सगळ्या खरेदीत शहाणपणाची खरेदी ती. कटर जवळ असणं पुरेसं नाही, ते वापरताना जीव कासावीस होऊ नये याचीही सोय करून ठेवावी लागते. हातात सुटे पैसे असले की माणूस दान पटकन करतो, तसंच हे.

जूनमध्ये मोनोना तळ्यावर आम्ही चारदा गेलो. तीन वेळा काही मिळालं नाही. मी पाणी बघत बसायचो, सौ.नं दिलेले दशम्या-चटणीचे डबे रिकामे व्हायचे आणि आम्ही परत. चौथ्या खेपेला, संध्याकाळी, मासा लागला.

त्याचं वर्णन मला नीट जमणार नाही. पाण्याखालून एक हिरवट-सोनेरी ओंडका वळला आणि जाळ्यात आला एवढंच. पुढचा त्रिशूळ जबड्याच्या कोपऱ्यात, मागचा कल्ल्याच्या झाकणाजवळ, आणि त्याचंच एक टोक जाळीत. जावयांनी मोजा घातलेला हात खाली नेला तसा मासा उलटा फिरला. एक टोक मोज्याच्या अंगठ्यातून आरपार गेलं. कातडीला लागलं नव्हतं, पण हात तिथेच खिळला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. तोंडातून शब्द नाही.

मी कटरची मूठ त्यांच्या डाव्या हातात दिली. एक कट, हात मोकळा. दोन कट, जाळी मोकळी. मग त्या गृहस्थांनी कटर घेतलं आणि कल्ल्याजवळची तार तोडली. तुकडे पक्कडीनं मागे ढकलून काढले. जबड्यातला पुढचा त्रिशूळ एका मुरगाळ्यात निघाला. मी सवयीनं मनात आकडे मोजत होतो. शंभर व्हायच्या आत सगळं आटोपलं होतं आणि मासा अजून पाण्यातच होता. तरंगत्या पट्टीवर तो ४२ इंच भरला. फोटो घेतला तोही पाण्यातलाच. शेपटीच्या देठाशी धरून त्याला सरळ उभा ठेवला. तो कल्ले हलवत राहिला. मग शेपटीचा एक फटकारा, आमच्या तिघांच्या चष्म्यांवर पाणी, आणि गेला.

घरी आल्यावर लेकीनं तो भोक पडलेला मोजा हातात घेऊन उजेडात धरला. काही बोलली नाही. मग माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले, लहानपणी मी तिचे शाळेतून आल्यावर बघायचो तसे. म्हणाली, "जेवायला बसा."

जुलैत थर्मामीटरचं काम पडलं. पाण्याच्या वरच्या थराचं तापमान ८० फॅरनहाइट, म्हणजे साधारण २७ सेल्सियसच्या घरात गेलं की जाणती मंडळी मस्कीच्या वाटेला जात नाहीत. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. झुंजून दमलेला मासा सोडला तरी तो नंतर मरू शकतो, आपल्याला दिसतही नाही. आम्ही थर्मामीटर बुडवला, आकडा बघितला आणि होडी न काढता घरी आलो. इतर सगळी अवजारं मासा मिळाल्यावर उपयोगी पडतात. हे एकच असं की ते कधी कधी जाऊच नका म्हणतं.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, आम्हाला इथे कोल्हापुरात याचा काय उपयोग? आपल्याकडे मस्की नाही हे खरं. पण मासा सोडण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. महाडजवळ वाळण कोंड आहे, काळ नदीचा डोह. तिथले महसीर देवीचे म्हणून कोणी धरत नाही, लोक त्यांना कुरमुरे घालतात. दख्खनच्या या महसीराचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून ते ठेवलं, आणि त्यातलं खुद्री इथल्याच बोलीतून घेतलेलं. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवली जाताहेत. हौशी मंडळी जिथे महसीर धरून सोडतात तिथे हीच अवजारं लागतात. फरक एवढाच की महसीरच्या जबड्याला दात नसतात, ते असतात घशात. गळ सोडवायला बोट घशात घातलं तर चिरडलंच समजा. म्हणजे लांब चोचीची पक्कड आलीच.

आणि महसीर सोडा. पंचगंगेच्या घाटावर, राजाराम बंधाऱ्यावर, रविवारी किती पोरं गळ टाकून बसतात! सगळ्यांच्या गळाला उलटा काटा, कोणाजवळ पक्कड नाही. रुतला की दातानं तंगूस तोडायचं आणि बोट तोंडात घालायचं. तोडलेलं तंगूस आणि गळ काठावरच पडतात. मग ते धुणं धुणाऱ्या बाईच्या पायात, म्हशीच्या खुरात, नाहीतर बगळ्याच्या पायाला.

परत आल्यापासून मी एक करतो. फिरायला जाताना पिशवीत तीन गोष्टी ठेवतो. लांब चोचीची एक देशी पक्कड, एक कटर आणि झाकणाची एक डबी. पोरं आता ओळखतात. पक्कडीनं गळाचा उलटा काटा दाबून सपाट करून देतो. "गुरुजी, मासा सुटंल की!" म्हणतात. मी सांगतो, दोरी ताणून धर, सहसा सुटत नाही. आणि तुझ्या बोटात गेला तर बिनत्रासाचा निघेल. काठावरचे तुटके गळ आणि तंगूस डबीत जातात. कटर मात्र इथे मनासारखं मिळालं नव्हतं. शेवटी उद्यमनगरातल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं त्याच्या कारखान्यात मूठ लांबवून, धार लावून दिलं. पैसे घेतले नाहीत, पण म्हणाला, "सर, डाव्या हातानं दाबून बघा." मी काही न सांगता त्याला हे सुचलं, याचा आनंद मला पक्कडीपेक्षा जास्त झाला.

तुमच्या घरात कोणी गळ टाकायला जात असेल, मग तो मॅडिसनला असो की शिरोळला, तर काठी घ्यायच्या आधी त्याला एवढं घ्यायला लावा. गळ कापेल असं कटर, बोटं दूर ठेवेल अशी पक्कड, आणि कापलेल्याच्या जागी लावायला चार जास्तीचे गळ. बाकीची हौस मग सावकाश करू दे.

जावयांचा परवा फोन होता. या वर्षी नातही जाणार आहे म्हणे. तिनं स्वतःसाठी वेगळं कटर मागितलंय, डावखुरी आहे ना ती.